थंड डोंगरात वेगळ्या जातींचे आयरिस लावताना: इंदूरहून पहाडात राहायला जाणाऱ्यांसाठी

इंदूरच्या रामबाग भागात आमच्या ओळखीची तीनचार मराठी घरे निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये घर भाड्याने घेऊन राहतात. आम्हीही त्यांतलेच. मुक्तेश्वरच्या खाली, सुमारे २,००० मीटर उंचीवर, माझ्या थोरल्या भावाने दोन खोल्यांचे दगडी घर घेतले आहे. तिथे आम्ही मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत राहतो. घरासमोरच्या उतारावर दोन लहान पायऱ्यांची जमीन आहे आणि गेली सात वर्षे मी तिथे आयरिस लावते आहे. आयरिसला निश्चित असे मराठी नाव नाही. पाती तलवारीसारखी, तीन पाकळ्या वर उभ्या आणि तीन खाली झुकलेल्या, ही त्याची खूण. बागांमध्ये सर्रास दिसणारे जांभळे आयरिस तुम्ही पाहिले असेलच. हा लेख त्याच्या कमी आढळणाऱ्या जातींविषयी आहे.

पहिल्या वर्षी मी दाढीवाल्या, म्हणजे खालच्या पाकळीवर केसांचा पट्टा असलेल्या, आयरिसचे चौदा गड्डे नेले होते. तेरा वाफ्यात लावले. चौदाव्यासाठी जागा उरली नाही, म्हणून तो मातीच्या कुंडीत लावून दाराजवळ वळचणीला ठेवला, आणि जूनमध्ये इंदूरला उतरताना ती कुंडी तिथेच राहून गेली. सप्टेंबरात परतलो तेव्हा वाफ्यातली पाती आडवी पडली होती. एक पाते मी हलकेच ओढले, तर ते बुडापासून सुटून हातात आले, आणि त्याच्या टोकाला अतिपिकून फुटलेल्या चिकूसारखा तपकिरी, दुर्गंधी येणारा लगदा होता. तेराही गड्ड्यांची तीच गत झाली होती. वळचणीच्या कुंडीतली माती मात्र कोरडी ठणठणीत होती, पाती अर्धी वाळली होती, आणि बोटाने दाबून पाहिले तर गड्डा कच्च्या बटाट्याइतका टणक होता. पुढच्या एप्रिलमध्ये तो फुलला. मी थंडीची तयारी करून गेले होते आणि झाडे गेली ती पावसाने. पुढे जे लिहिले आहे ते सगळे त्या कुंडीवरून शिकलेले आहे.

१. जागा डोंगराच्या कोणत्या बाजूची आहे ते आधी ठरवा

नवखा माणूस सर्वप्रथम उंची आणि किमान तापमान विचारतो. मी पावसाचे महिने विचारते. कुमाऊँ, गढवाल, कुल्लू आणि दार्जिलिंग या बाजूला साधारण जूनच्या अखेरीपासून (दार्जिलिंगला त्याआधीच) सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मोसमी पाऊस पडतो, म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन उबेत जमीन सतत ओली राहते. रोहतांगची खिंड ३,९७८ मीटरवर आहे. ती ओलांडून लाहौलमध्ये उतरलात की हाच पाऊस डोंगराआड अडतो. तिथे आणि लडाखमध्ये ओलावा मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फातून मिळतो आणि उन्हाळा कोरडा जातो. काश्मीरचे खोरे या दोन्हींच्या मधले आहे. तिथे हिवाळा आणि वसंत ओला असतो, तर उन्हाळी पाऊस कुमाऊँच्या मानाने थोडा असतो.

जगात आयरिसच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांच्या विश्रांतीचे ऋतू वेगवेगळे आहेत. तुर्कस्तान, इराण, सीरिया या बाजूच्या जाती वसंतात फुलून उन्हाळाभर कोरड्या जमिनीत झोपतात. पूर्व हिमालय, चीनचा युनान प्रांत, जपान इथल्या जातींना नेमका उन्हाळ्यात पाऊस लागतो आणि त्यांची झोप थंडीतली असते. पहिल्या गटातले झाड कुमाऊँमध्ये उघड्यावर लावणे म्हणजे गाढ झोपलेल्या माणसाच्या अंथरुणावर तीन महिने पाणी ओतत राहणे आहे. त्यामुळे जागा पावसाची असेल तर पावसाच्या देशातली जात घ्यावी, आणि कोरड्या देशातली जात हवीच असेल तर ती छपराखाली ठेवण्याची तयारी आधीपासून ठेवावी.

२. जात निवडताना

आयरिसचे ढोबळ गट तीन धरावेत. ज्यांच्या खालच्या पाकळीवर केसांचा पट्टा असतो ते दाढीवाले, ज्यांच्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी कड असते ते तुरेवाले, आणि ज्यांच्यावर यांपैकी काहीच नसते ते बिनदाढीचे. याखेरीज कांद्यासारख्या कंदापासून येणाऱ्या जाती निराळ्या.

सुरुवात ‘आयरिस मिलेसिआय’पासून करावी असे माझे ठाम मत आहे. ही तुरेवाली जात आपल्याच हिमालयातली आहे. कुल्लूच्या खोऱ्यातून इंग्लंडला गेलेल्या बियांपासून फ्रँक माइल्स यांनी ती वाढवली, आणि केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या मायकेल फॉस्टर यांनी १८८३ साली तिला त्यांचे नाव दिले. हिचे जाड, हिरवे, पेरेदार गड्डे जमिनीच्या वरच आडवे सरकत जातात. फुलांचा दांडा कमरेपर्यंत उंच होतो आणि त्याला फाटे फुटतात. एकेक फूल फार टिकत नाही, पण फाटे पुष्कळ असल्याने फुलण्याचा काळ कित्येक आठवडे चालतो. फिकट जांभळ्या पाकळीवर गडद ठिपके आणि कातरलेली कड असते. डोंगरातला पाऊस हिला मुळातच सवयीचा आहे.

त्यानंतर ‘आयरिस डेकोरा’ घ्यावे. हीसुद्धा हिमालयातली जात आहे. तिचा गड्डा अगदीच लहान असून खाली शतावरीसारखी मांसल मुळे असतात आणि हिवाळ्यात जमिनीवर तंतूंच्या लहानशा झुबक्याशिवाय काहीच दिसत नाही. झाड मेले असे समजून लोक तो वाफा खणून टाकतात, म्हणून तिथे खूण करून ठेवणे अत्यावश्यक आहे. जागा सतत ओलसर असेल, एखादा झरा किंवा पाण्याची गळती असेल, तर सिक्कीम-दार्जिलिंगकडचे ‘आयरिस क्लार्की’ तिथे समाधानाने राहते. चीनच्या नैर्ऋत्येकडील डोंगरांतले ‘आयरिस क्रिसोग्राफेस’ याच कुळीतले. काळ्याच्या जवळ जाणाऱ्या मखमली जांभळ्या पाकळीवर सोनेरी रेघा असतात, आणि तिकडचा उन्हाळी पाऊस आपल्यासारखाच असल्याने ते कुमाऊँमध्ये तक्रार करत नाही. जपानी ‘आयरिस एन्साटा’ला उन्हाळ्यात भरपूर पाणी आणि आम्लधर्मी माती लागते, चुना अजिबात चालत नाही. चीनमधले ‘आयरिस टेक्टोरम’ जपानमध्ये गवताने शाकारलेल्या छपरांच्या आढ्यावर लावण्याची पद्धत होती, यावरूनच त्याला निचरा किती आवडतो ते कळते.

‘आयरिस केमाओनेन्सिस’ या नावातच कुमाऊँ असल्याने प्रत्येकाला तेच हवे असते. मलाही हवे होते. परंतु हे वीतभरदेखील उंच नसलेले, जांभळ्या डागांचे देखणे झाड साधारण ३,००० मीटरच्या वरच्या कुरणांतले आहे. तिथे ते महिनोन्‌महिने बर्फाखाली कोरडे झोपते. २,००० मीटरवर हिवाळा त्याला पुरेसा स्थिर मिळत नाही. आज बर्फ, उद्या ऊन, परवा पाऊस, असे चालते. माझ्याकडे ते बियांपासून आले, चौथ्या वर्षी एकदा फुलले आणि गेले. तुमचा अनुभव दोनतीन वर्षांचा झाल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

लाहौल किंवा लडाखमध्ये जागा असलेल्यांना ‘आयरिस लॅक्टिया’ सर्वांत सोपे जाईल, कारण ते तिथलेच आहे आणि क्षारयुक्त जमिनीतही तगते. काश्मीरमध्ये पांढरे ‘आयरिस काश्मिरियाना’ कबरस्तानांत लावण्याची जुनी रीत आहे आणि तिथल्या हवेत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहे. ‘आयरिस सुसियाना’सारख्या पश्चिम आशियातल्या मोठ्या, राखी फुलांच्या जातींना सलग कोरडा उन्हाळा हवा असतो. हे आयरिस १५७३ साली इस्तंबूलहून व्हिएन्नाला पोहोचले, आणि उन्हाळी पावसात ते आजही माळ्यांच्या हाती लागत नाही.

३. कागदपत्रे आणि कायदा

रानातून उपटून आणू नका. गढवालमधली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि अशा ठिकाणी एखादे झाड काढणेही गुन्हा आहे. राखीव जंगलातही वन खात्याच्या परवानगीविना काही काढता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कुरणातून काढलेला फुलावरचा गड्डा खालच्या हवेत बहुधा जगत नाही, हे मी इतरांच्या बागांत अनेकदा पाहिले आहे.

परदेशातून बी किंवा कंद मागवायचे असल्यास २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार दोन कागद लागतात: मागवण्यापूर्वी आपल्याकडून घेतलेला आयात परवाना, आणि पाठवणाऱ्या देशाचे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाच्या निरोगीपणाचा सरकारी दाखला. पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहून बी मागवण्याचा सल्ला काही लोक देतात, तो मुळीच ऐकू नका. पाकीट जप्त होते, आणि न झाल्यास त्यासोबत नवा रोग डोंगरात शिरण्याचा धोका असतो.

देशातल्या देशात घेताना पुढील गोष्टी जवळ असाव्यात:

• रोपवाटिकेचे बिल, ज्यावर झाडाचे शास्त्रीय नाव लिहिलेले असेल. नुसते ‘हिमालयन आयरिस’ लिहिलेले घेऊ नका, कारण त्या नावाखाली साधे जांभळे आयरिसच हाती येते.
• घर भाड्याचे असल्यास वाफे खणण्यास घरमालकाची लेखी संमती.
• जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून करून घेतलेला माती परीक्षणाचा अहवाल.

याच ठिकाणी एक धोका सांगते. आयरिसचा सुकलेला गड्डा आणि वेखंड दिसायला बरेच सारखे असतात, ओल्या जागी उगवणाऱ्या दोन्हींची पातीही सारखी दिसतात. आपल्या घरांत वेखंड बाळगुटीसाठी उगाळले जाते. आयरिसचा गड्डा पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात. तेव्हा गड्ड्यांची पिशवी स्वयंपाकघरात कधीही ठेवू नका आणि पिशवीवर नाव लिहा.

४. इंदूरमध्ये हिवाळ्यात करायचे काम: बी

दुर्मिळ जातींचे गड्डे क्वचितच विकत मिळतात, बी मिळते. डोंगरी आयरिसचे बी थंडी आणि ओल यांतून गेल्याशिवाय सहसा उगवत नाही. डोंगरात राहणारे लोक ऑक्टोबरात कुंडीत पेरून ती बाहेर बर्फात सोडून देतात. आपण हिवाळ्यात इंदूरला असतो, त्यामुळे हे काम मी घरच्या फ्रीजमध्ये करते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी एका वाटीत पाण्यात भिजवावे आणि चारपाच दिवस रोज पाणी बदलावे. पहिल्या दोन दिवसांत पाणी चहाच्या फिक्या रंगाचे होते, कारण उगवण रोखणारी द्रव्ये सालीतून बाहेर पडत असतात. त्यानंतर धुतलेली जाड वाळू ओलसर करावी. मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये, एवढीच ओल पुरते. त्या वाळूत बी मिसळून झिपच्या पिशवीत भरावे आणि पिशवी फ्रीजच्या खालच्या भाज्यांच्या कप्प्यात दहा ते बारा आठवडे ठेवावी. तापमान २ ते ५ अंशांच्या दरम्यान राहावे. फ्रीझरमध्ये ठेवू नका. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून हवा द्यावी आणि बुरशी आलेले बी चिमट्याने काढून टाकावे.

मार्चमध्ये निघताना पिशवी थर्मासच्या डब्यात नेता येते. इंदूरहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम आणि पुढे जीपने चढण, एवढ्या प्रवासात तिला काही होत नाही. पोहोचल्यावर खोल कुंडीत एक सेंटीमीटर खाली पेरावे. सगळे बी त्याच वसंतात येईल अशी अपेक्षा ठेवू नका. काही बी दुसऱ्या वसंतात येते. पहिल्या वर्षी मी न उगवलेल्या दोन कुंड्या रिकाम्या करून टाकल्या होत्या आणि उपटलेल्या मातीत पांढरे अंकुर निघालेले दिसले. तेव्हापासून कुंडी दोन पूर्ण वर्षे राखते. पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत साधारण तीन वर्षे लागतात.

५. हत्यारे आणि साहित्य

खुरपे, कुदळ, धारदार चाकू, जाड वाळू, बारीक गिट्टी, मोठ्या छिद्रांची चाळण, मातीच्या खोल कुंड्या, तारेची जाळी, पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा आणि लाकडी खुंट्या एवढे पुरते. चाकू, चाळण आणि जाळी आम्ही इंदूरच्या सियागंज बाजारातून घेऊन जातो, बाकी सगळे डोंगरात मिळते. नावाच्या पट्ट्यांवर शिसपेन्सिलीने लिहा. पक्क्या शाईच्या मार्करने लिहिलेले डोंगरातल्या कडक उन्हात एका वर्षात पुसट होते, पेन्सिलीचे टिकते.

६. वाफा

इंदूरची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि आपली सगळी बागकाम करण्याची सवय त्या मातीने घडवलेली आहे: भरपूर शेणखत, आळे करून पाणी, वरून पालापाचोळ्याचे आच्छादन. गुलाबाला जे मानवते ते इथे बाधते. दाढीवाल्या आयरिसचा वाफा जमिनीपासून किमान ३० सेंटीमीटर उंच असावा, दिवसाचे सहा तास ऊन मिळणारा असावा, आणि शक्यतो पायऱ्यांच्या शेताच्या बाहेरच्या कडेला असावा, कारण दगडी बांधाजवळून पाणी सर्वांत लवकर निथळते. आतली बाजू, जिथे वरच्या पायरीचे पाणी झिरपत उतरते, ती क्लार्की आणि एन्साटासाठी राखून ठेवावी. एकाच शेताच्या दोन कडांवर दोन परस्परविरुद्ध गरजांची झाडे नीट राहतात, हा पायऱ्यांच्या शेतीचा मोठा लाभ आहे.

मिश्रण असे करावे: दोन घमेली बागेची माती, एक घमेले जाड वाळू किंवा बारीक गिट्टी, एक घमेले बांजाच्या (डोंगरी ओकच्या) झाडाखालची पूर्ण कुजलेली पाने. बांजाखालची माती किंचित आम्लधर्मी असते. दाढीवाल्या जातींना साधारण ६.५ ते ७.५ सामू (pH) मानवतो, त्यामुळे माती परीक्षणात आम्लता अधिक आली तर शेतीचा चुना थोडा मिसळावा. चुना टाकलेल्या मातीचा फावडाभर भागही एन्साटाच्या वाफ्यात जाऊ देऊ नका. वाफ्याची परीक्षा सोपी आहे. एक बादली पाणी एका जागी ओता, आणि पाच मिनिटांनी पृष्ठभागावर डबके दिसत असेल तर आणखी गिट्टी घाला.

७. लावण

इथे परदेशी पुस्तके नवख्यांना हमखास फसवतात. युरोपात दाढीवाले आयरिस जुलै-ऑगस्टमध्ये विभागून लावतात, कारण तिथे त्या वेळी आपल्यासारखा मोसमी पाऊस नसतो. आपल्याकडे तेच महिने भर पावसाचे आहेत आणि चाकूने कापलेली ओली जखम घेऊन गड्डा त्या चिखलात गेला तर तो कुजणारच. माझा अनुभव असा, की पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लावण करावी. त्यानंतर जमीन गोठण्यापूर्वी मुळांना सहा-सात आठवडे मिळतात. आपली दुसरी फेरी याच सुमारास असते, हेही सोयीचे.

विभागलेल्या गड्ड्याच्या कापलेल्या बाजूला राख चोळून तो एक-दोन दिवस सावलीत सुकवावा. पाती एक तृतीयांशापर्यंत छाटावीत. दाढीवाल्या गड्ड्याची पाठ मातीच्या वर उघडी राहिली पाहिजे, म्हणजे खड्ड्यात मधोमध मातीचा उंचवटा करायचा, त्यावर गड्डा बसवायचा आणि मुळे दोन्ही बाजूंनी खाली सोडून दाबायची. आल्यासारखा तो पुरला की फुलत नाही. मिलेसिआयचा गड्डाही असाच वर राहू द्यावा. क्लार्की आणि क्रिसोग्राफेस यांच्यासारखे बारीक गड्ड्यांचे बिनदाढीचे आयरिस तीन-चार सेंटीमीटर खोल लावावे आणि त्यांची मुळे एक तासही सुकू देऊ नयेत. ‘आयरिस रेटिक्युलाटा’सारखे कंद आठ ते दहा सेंटीमीटर खोल जातात. ज्या कंदांना खाली मुळ्यासारखी जाड मुळे असतात, उदाहरणार्थ ‘आयरिस बुखारिका’, त्यांचे ते मूळ तुटू देऊ नका, त्यात पुढच्या वर्षाचा साठा असतो.

उंच जातींमध्ये ३० ते ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा. दाटी झाली की वारा खेळत नाही आणि पातींवर डाग पडतात. लावल्यावर एकदा पाणी द्या, पुढे पाऊस पडला नाही तर दहा दिवसांनी एकदा. तेवढे पुरे.

८. पावसाळा, जेव्हा तुम्ही तिथे नसाल

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक इंदूरकर जूनमध्ये उतरतात आणि झाडे तीन महिने एकटी राहतात. कुणी शेजारी लक्ष ठेवेल या भरवशावर बाग सोडू नका. त्यांची स्वतःची शेती त्याच वेळी असते. बाग अशीच रचावी, की तिला त्या काळात कुणाची गरज पडणार नाही.

कोरडी झोप घेणाऱ्या सर्व जाती कुंडीत ठेवाव्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात वळचणीला हलवाव्यात. वळचण म्हणजे छपराचा पुढे आलेला भाग, पागोळ्या पडतात त्याच्या आत, भिंतीला लागून. पागोळ्यांच्या रेषेत एखादी कुंडी राहिली तर तिला उघड्या पावसाहून अधिक पाणी मिळते, म्हणून पहिल्या सरीत उभे राहून ती रेषा नेमकी कुठे पडते ते एकदा पाहून घ्यावे. मी फरशीवर खडूने ती आखून ठेवली आहे. कुंड्या दोन विटांवर ठेवाव्यात, म्हणजे तळाचे छिद्र ओल्या फरशीला चिकटत नाही.

वाफ्यातल्या दाढीवाल्या जातींवर पॉलिकार्बोनेटचा पत्रा गुडघ्याएवढ्या उंचीवर, उताराच्या दिशेने तिरका बसवावा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. एका वर्षी मी प्लास्टिकचे कापड जमिनीपर्यंत ताणून बांधले होते. आत वाफ धरली आणि झाडे पावसाविनाच कुजली. पाणी अडवणे जितके आवश्यक, तितकेच वारा जाऊ देणेही. मिलेसिआय, डेकोरा, क्लार्की, एन्साटा यांना छप्पर नको, त्यांना पाऊस हवाच आहे. निघण्यापूर्वी गड्ड्यांभोवतीची सुकी पाती आणि पाने हाताने वेचून काढावीत आणि गड्ड्यांच्या भोवती गिट्टीचा पातळ थर द्यावा.

परतल्यावर प्रत्येक गड्डा बोटाने दाबून पाहा. मऊ लागला तर लगेच उकरा. ही कूज जिवाणूंमुळे होते आणि तिचा वास एकदा घेतला की विसरत नाही. सडका भाग चमच्याने खरवडून, पुढे चाकूने पांढरा टणक गर दिसेपर्यंत कापावा. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा द्रावणात दहा मिनिटे बुडवून गड्डा दोन दिवस उन्हात ठेवावा, आणि दुसऱ्या जागी लावावा. हातमोजे घाला, चाकू प्रत्येक गड्ड्यानंतर त्याच द्रावणात बुडवा. टणक राहिलेला तुकडा सुपारीएवढा असला आणि त्याला एक डोळा असला तरी तो जगतो. दोन वर्षांपूर्वी असाच वाचवलेला तुकडा या एप्रिलमध्ये तीन दांडे घेऊन उभा होता.

९. हिवाळा

याविषयी फार सांगण्यासारखे नाही. बर्फ पडले तर ते काढू नका, पांघरुणासारखे ते मुळांना सांभाळते. खरी अडचण बर्फाविना पडणाऱ्या कडाक्याच्या थंडीची असते, म्हणजे रात्री जमीन गोठते, दिवसा सैल होते, आणि नव्याने लावलेला गड्डा त्या ताणाने वर उचलला जातो. त्यावर उपाय म्हणजे वर दिलेला गिट्टीचा थर आणि मुळांवर ठेवलेला एखादा चपटा दगड. चिडाच्या (तिकडच्या पाइनच्या) सुयांचे, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, त्यांचे आच्छादन एन्साटाला चालते, दाढीवाल्यांना नाही. शिवाय पिरूल मे-जूनमध्ये चटकन पेट घेते, तेव्हा घरालगत त्याचा ढीग करू नका.

१०. खत आणि जनावरे

फुलांपूर्वी, मार्चमध्ये, हाडांच्या खताची एक मूठ प्रत्येक झाडाभोवती द्यावी, गड्ड्यावर टाकू नये. युरिया देऊ नका. पाती लुसलुशीत होतात आणि तीच आधी सडतात. गाईगुरे आयरिसला सहसा तोंड लावत नाहीत, परंतु साळिंदर कंद उकरते. एका रात्रीत तिने माझ्या रेटिक्युलाटाची अर्धी रांग संपवली होती. तेव्हापासून कंदांच्या वर तारेची जाळी पुरते. जाळीच्या भोकांतून पाती निघतात, पंजा आत जात नाही.

११. फुलल्यावर, आणि इंदूरला परतताना

फूल सुकले की बोंड धरू द्यायचे की नाही ते ठरवा. नवीन झाडाचे बोंड काढून टाकावे, जुन्याचे ठेवावे. बोंड पिवळसर होऊन टोकाला चिरू लागले की तोडा. मिलेसिआयची बोंडे आम्ही गेल्यावर पिकतात, म्हणून निघताना त्यांवर मलमलच्या पिशव्या बांधतो, म्हणजे सप्टेंबरात बी तसेच मिळते. तीन-चार वर्षांनी झाडाच्या मधला भाग ओसाड होतो. तेव्हा सातव्या भागात सांगितल्याप्रमाणे विभागावे.

दरवर्षी कुणीतरी मला विचारते, की यातले एखादे इंदूरच्या गच्चीवर चालेल का. डोंगरी जातींना आपला हिवाळा पुरत नाही. त्या दोन वर्षे नुसती पाती देतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात जातात, म्हणून त्यांना खाली आणू नका. मात्र एक आयरिस इंदूरमध्ये उत्तम येते. पूर्वी त्याला बेलमकँडा म्हणत, आणि २००५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला आयरिसमध्येच धरून ‘आयरिस डोमेस्टिका’ हे नाव दिले. केशरी पाकळ्यांवर तांबडे ठिपके असतात. प्रत्येक फूल एकच दिवस उमलते आणि संध्याकाळी ओला रुमाल पिळावा तशी त्याच्या पाकळ्यांना पीळ पडतो. बोंड उकलले की आत काळ्या चकचकीत बियांचा घोस दिसतो. बारा इंची कुंडीत निम्मी काळी माती आणि निम्मी वाळू-गिट्टी घालून फेब्रुवारीत हे बी पेरावे, कुंडी सकाळच्या उन्हात ठेवावी आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नये.